वालाची वाढ

माझ्या लॅपटॉपवर 'सिद्धगड' नावाचे अकरा फोल्डर आहेत. सिद्धगड_१, सिद्धगड_नवीन, सिद्धगड_फायनल, सिद्धगड_फायनल_खरंच... आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. प्रत्येकात दहा-पंधरा क्लिप्स, एकाही फोल्डरात पूर्ण फिल्म नाही.

सिद्धगड म्हणजे मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन भिंतीला चिकटून उभा असलेला गड. पायथ्याला नारिवली. तिथून अलीकडच्या एका वाडीत आमचं घर आहे आणि घरात आजी. आजोबा गेले, बाबा नोकरीसाठी कल्याणला आले, मी तिथून पुढे ठाण्याच्या एका कंपनीत. (मुरबाडला रेल्वे येणार हे आजोबा लहानपणापासून ऐकत होते. त्यांच्या हयातीत तरी ती आली नाही, म्हणून आम्ही पिढ्यानपिढ्या कल्याणहून एसटीने जातो.) माजघराच्या मागच्या खिडकीतून गडाचा बालेकिल्ला दिसतो. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच खिडकीतून एक किल्ला दिसतो.

यंदा दिवाळीत घरात ठरलं की आजीला आता एकटीला ठेवायचं नाही. संक्रांत झाली की तिला कल्याणला आणायचं आणि घराला कुलूप लावायचं. शेत आधीच वाट्याने दिलं होतं. ठरलं म्हणजे बाबा आणि काकांनी ठरवलं. आजी काही बोलली नाही, फक्त शेंगदाणे निवडत राहिली.

मी तेव्हा मनात म्हटलं, आता बारावा फोल्डर उघडायचा आणि या वेळी फिल्म पुरी करायची. सगळी सामग्री होती. हप्त्यावर घेतलेला कॅमेरा होता, ट्रायपॉड होता, मित्राचा ड्रोन मिळणार होता. एका सिनेमावेड्या मित्राने सल्ला दिला, "आधी उमेश कुलकर्णीची 'गिरणी' बघ, मग ड्रोन उडव." सल्ला चांगलाच होता. पण 'गिरणी'त एक दिग्दर्शक आहे, कॅमेरामन आहे, साउंडवाला आहे, एफटीआयआय आहे. माझ्याकडे मी, आजी आणि शनिवार-रविवार. मला असा कोणीतरी हवा होता ज्याने एकट्याने, घरच्या घरी, काहीही येत नसताना पहिली फिल्म केली.

तो माणूस अर्थातच दादासाहेब फाळके.

'राजा हरिश्चंद्र' आपल्याला शाळेपासून पाठ असतो. ३ मे १९१३, कॉरोनेशन थिएटर, एक मार्काचा प्रश्न. त्याच्या आधीची गोष्ट मात्र धड्यात येत नाही. १९११ च्या ईस्टरच्या दिवसांत फाळक्यांनी गिरगावात 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहिला आणि त्यांना सिनेमाचं वेड लागलं. इतके सिनेमे पाहिले की काही काळ दृष्टी गेली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं, तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, हेपवर्थ यांचा स्टुडिओ बघितला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि एप्रिलमध्ये परत आले. चाळिशी ओलांडलेला, नोकरीधंदा मोडलेला, बायकामुलं असलेला माणूस. पुढच्या खर्चाला पैसे नाहीत आणि सिनेमात पैसे घालणारा कोणी नाही. मग या गृहस्थांनी काय केलं असेल? कुंडीत वाटाणे पेरले.

कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ थोडंथोडं चित्रण करत राहिले. बी, कोंब, रोप, वेल. मिनिटभराच्या आसपासची ही फिल्म, नाव 'अंकुराची वाढ'. ती दाखवली तेव्हा यशवंतराव नाडकर्णी वगैरे मंडळी चकित झाली आणि कर्जाची सोय झाली. म्हणजे भारतीय सिनेमाचा पहिला 'डेमो' एका वाटाण्याने दिलाय. आमच्या कंपनीत क्लायंटला पटवायला आम्ही ऐंशी स्लाइड्स करतो.

ही फिल्म आज बघायला मिळत नाही. म्हणजे मला शिकायचं होतं अशा सिनेमाकडून जो मी पाहू शकत नाही. पण सोर्स कोड हरवलेला आणि फक्त वर्णन शिल्लक असलेला प्रोग्राम पुन्हा लिहिणं हे तर आमचं रोजचंच काम! म्हणून उलटं निघालो.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट सांगताना म्हणतात की फाळके रोज एक फ्रेम घ्यायचे. मीही तसंच धरलं. ऑक्टोबरात ठाण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत मूग पेरले आणि रोज ऑफिसला निघताना एक फोटो. तीस दिवस, तीस फोटो. मग ते जोडून व्हिडिओ केला आणि प्ले दाबलं. दाबेदाबेपर्यंत संपलासुद्धा. मला वाटलं लॅपटॉप अडकला.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, गणित मांडलं. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ फ्रेम्स. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम्स बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट. एका मिनिटाला ६० फूट आणि ९६० फ्रेम्स. आता चाळीस दिवसांत रोज एक फ्रेम घेतली तर होतात चाळीस, म्हणजे अडीच सेकंद. अडीच सेकंदांचा वाटाणा बघून कोणी कर्ज देईल असं वाटत नाही. मिनिटभराची फिल्म चाळीस दिवसांत करायची तर रोज चोवीस फ्रेम्स हव्यात. तेव्हाचे कॅमेरे हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम्स घेत, म्हणजे दिवसाला तीन फेरे. 'रोज एक' हे सांगायला छान आहे, हिशेबात बसत नाही. एवढा साधा भागाकार करायला माझा एक महिना आणि मूठभर मूग गेले.

(जाता जाता: हे तंत्र फाळक्यांचा शोध नव्हे. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांची 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' १९१० मध्ये येऊन गेली होती. स्मिथ मूळचे सरकारी शिक्षण खात्यातले कारकून. फुलं उमलताना टिपण्यासाठी घरीच खटपटी करून यंत्रं जोडायचे. हे वाचून नोकरदार माणसाला बरं वाटतं.)

रोज दोन-तीन वेळा तरी कोणीतरी कुंडीपाशी असायला हवं, हे आता कळलं होतं. गॅलरीत ते शक्य नव्हतं, मी घरी असतोच कधी? आणि मूग कशाला? आमच्याकडे भात कापलं की त्याच शेतात, जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. यंदा शेत दुसऱ्याकडे, त्यामुळे आमच्या घराने वाल पेरले नव्हते. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच. आजीकडे परसातल्या वेलीच्या वालाचं बियाणं डब्यात होतं. नोव्हेंबरच्या मध्यावर रंगाच्या रिकाम्या बादलीत माती भरून पाच दाणे लावले, बादली ओटीवर ठेवली, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा. ठराविक वेळाने आपोआप फोटो काढायची सोय कॅमेऱ्यात असतेच. म्हटलं, आजीला काही करायलाच नको.

पुढच्या शनिवारी येऊन बघतो तर आजीने ओटी सारवताना ट्रायपॉड उचलून भिंतीला टेकवून ठेवलेला. कॅमेऱ्याने इमानेइतबारे भिंतीचे दोनशे फोटो काढले होते, मग बॅटरी संपली. बादलीत एकही कोंब नाही. "कोंबडीनं खाल्ले," आजी म्हणाली. "मी हाकलली, पर किती वेळ हाकलू? मला दुसरी कामं नायत?"

तेव्हा सगळं माजघरात आणलं. डिसेंबरचा पहिला रविवार. बादली खिडकीपाशी आणि समोरच्या भिंतीत कोनाडा. या कोनाड्यात पूर्वी रॉकेलची चिमणी असायची. माझा जुना मोबाइल त्यात आडवा बसवला, बाजूंनी चिंध्या कोंबल्या. हजारो रुपयांच्या ट्रायपॉडपेक्षा पक्का. सारवताना कोनाडा कोणी हलवत नाही.

खरी अडचण प्रकाशाची. टाइम-लॅप्स करणाऱ्या प्रत्येकाला एक रोग भेटतो, लुकलुक. उजेड दर तासाला बदलतो आणि कॅमेरा आपल्या अकलेने तो सावरायला जातो. मग चित्र जोडलं की ते दिवाळीतल्या तोरणासारखं चमकतं. त्यावर उपाय दोन. एक, कॅमेऱ्याची अक्कल बंद करायची: एक्स्पोजर, फोकस, रंग, सगळं एकदाच ठरवून कुलूप. दुसरा, उजेडही आपलाच ठेवायचा. मला तर मागे खिडकी, खिडकीत सिद्धगड आणि पुढे उमलणारा वेल असं भव्य काहीतरी हवं होतं. दोन दिवस झगडलो. वेल नीट दिसेल असं एक्स्पोजर ठेवलं की गड पांढराफटक, गड दिसेल असं ठेवलं की वेल काळा. शेवटी गडाला सोडलं. ठरवलं की फोटोच्या वेळी खिडकी लावायची, बल्ब लावायचा, फोटो काढायचे आणि खिडकी परत उघडायची, कारण वेलाला ऊन तर हवं.

हे कोण करणार? आजी.

मोबाइलच्या पडद्याला हात लावला तरी चित्र हलतं, म्हणून वायरचा इयरफोन जोडला. त्याच्या आवाज वाढवायच्या बटणाने फोटो निघतो. ते बटण खिडकीशेजारच्या खिळ्याला लटकवलं. सकाळी चहा झाला की चार, दुपारी जेवल्यावर तीन, दिवेलागणीला तीन. रोजचे दहा. आजीने नियम एकदाच ऐकला. मग विचारलं, "आनि तू काय करनार?" मी म्हटलं, मी जोडणार. "बरं हाय," म्हणाली.

फाळक्यांच्या घरात हे काम सरस्वतीबाई करायच्या. तेव्हा कोरी फिल्म भोकं न पाडलेली यायची. अंधारात बसून यंत्राने तिच्या कडांना भोकं पाडायची, तेव्हा ती कॅमेऱ्यात चालायची. ते सरस्वतीबाईंनी केलं, रसायनं कालवली, चित्रणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून ऊन परतवलं आणि सगळ्यांचं जेवणही केलं. हे मी आधीही वाचलं होतं. तेव्हा 'साथ दिली' या सदरात टाकून पुढे गेलो होतो. बुधवारी दुपारी मीटिंगमध्ये बसलेलो असताना आत्ता आजी जेवून उठून खिडकी लावत असेल, हे डोक्यात आलं की ते वेगळं वाटतं.

सहाव्या दिवशी कोंब आला. आजीचा फोन, ऑफिसात. आजी स्वतःहून फोन करत नाही, मला वाटलं काही बरंवाईट. "उगवला रं," एवढंच म्हणाली.

मग दर शनिवारी मी फोटो लॅपटॉपवर घ्यायचो आणि चुका मोजायचो. तीन दिवस वीज नव्हती, त्यातले नऊ फोटो अंधारे. एकात आजीचा हात. पण सगळ्यात मोठा धक्का अठराव्या दिवसाचा. वेल छान वर चाललाय, एका बाजूला झुकतोय आणि अचानक टुणकन उडी मारून दुसऱ्या बाजूला! मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "एका अंगाला वाकत व्हता उजेडाकडं. बादली फिरवली. सरळ नको का व्हायला?"

यावर काय बोलणार? शेतकरी म्हणून ती शंभर टक्के बरोबर आणि कॅमेरामन म्हणून शंभर टक्के चूक. मी जरा जोरातच म्हटलं की आजी, मी सांगितलं होतं ना, बादलीला हात लावायचा नाही. ती म्हणाली, "तू वाल बघायला येतोस दर शनिवारी. गेल्या वर्साला किती वेळा आलतास?"

तीन वेळा. दोघांनाही माहीत होतं. मी कारवीची काठी शोधायला बाहेर गेलो.

काठी रोवल्यावर वेल तिला धरून चढू लागला आणि नवीनच भानगड दिसली. जोडलेल्या चित्रात वेलाचं टोक पिसाटल्यासारखं इकडेतिकडे फेकलं जायचं आणि पानं पंख फडफडवल्यासारखी वरखाली व्हायची. पानांचं कारण आजीने सांगितलं, "राती झोपतात ती." वालाची पानं खरोखरच अंधार पडताना खाली मिटतात आणि सकाळी उचलतात. तीन वेळचे फोटो एकामागोमाग लावले की फडफड. टोकाचं मला उमगलं. वेलाचं टोक आधार शोधत गोल फिरत असतं, साधारण दोन तासांत एक फेरी. आम्ही फोटो काढणार दिवसातून तीनदा. मधल्या फेऱ्या निसटतात आणि उरतात फक्त उड्या. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सिग्नलच्या पेपरात हेच होतं, पुरेसे नमुने घेतले नाहीत तर सिग्नल खोटाच दिसतो. तेव्हा पाठ करून पास झालो होतो, समजलं आजीच्या माजघरात.

त्यावर उपाय फाळक्यांचाच, निदान माझ्या हिशेबातला तरी. एकाच वेळेला चार-चार फ्रेम्स का, तर डोळ्याला तिथे थांबायला सवड मिळते. मी संध्याकाळचे मिटलेले फोटो शेवटच्या भागातून काढून टाकले आणि दुपारचे दोनदा वापरले. वेल शांत झाला. अजून थोडा अडखळतो, पण जिवंत वाटतो. फाळक्यांनी पुढे 'आगकाड्यांची मौज' मध्ये काड्यांना असंच एकेक फ्रेम करून नाचवलं. वाटाणा निदान स्वतःहून तरी वाढत होता.

आता २ जानेवारीबद्दल. १९४३ साली या तारखेला पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी आझाद दस्त्यावर गोळीबार केला. त्यात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. तिथे त्यांचं स्मारक आहे आणि दर २ जानेवारीला लोक जमतात. आजी लग्न होऊन आल्यापासून जाते. या वेळी शेवटचं, असं तिने कोणाला म्हटलं नाही, पण त्या दिवशी दहाऐवजी दोनच फोटो आहेत. दोन्ही दिवेलागणीचे, परत आल्यावर काढलेले. आणि दमली असावी, खिडकी लावायची राहिली.

त्या दोन फोटोंत वेलामागे सिद्धगड आहे. पांढराफटक नाही, नीट. दिवेलागणीला बाहेरचा उजेड उतरत उतरत आतल्या बल्बइतका होतो. पाच-दहा मिनिटंच, आणि तेवढ्या वेळात एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही दिसतात. मावळतीचा उजेड कड्यावर असतो तो वेगळाच. अकरा फोल्डर भरून मला जे जमलं नव्हतं ते आजीकडून खिडकी राहून गेल्याने झालं. रोज संध्याकाळी ती वेळ येऊन जात होती आणि मीच शिस्तीत खिडकी बंद करायला सांगितलं होतं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मोबाइल कोनाड्यातून काढला. ४२ दिवस, ठरल्याप्रमाणे ४२० व्हायला हवे होते, निघाले ३७१. काटछाट आणि भर करून फिल्म तेवीस सेकंदांची. नाव दिलंय 'वालाची वाढ'. मित्राला दाखवली तर म्हणाला, मधे ते दोन फ्रेम्स काय आहेत, झटका बसतो, काढून टाक. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे. सेकंदाचा आठवा भाग खिडकी उघडते आणि बंद होते. काढले नाहीत.

घराला कुलूप लागलं तेव्हा मी कॅमेरा नेलाच नव्हता. आजी भांडी, देव आणि ती रंगाची बादली घेऊन गाडीत बसली. बाबा म्हणाले, अगं बादली कशाला, कल्याणला बादल्या नाहीत का. तिने कारवीची काठी हाताने धरून ठेवली, मुरबाड येईपर्यंत.

कल्याणला गेल्यावर पहिल्या शनिवारी तिला लॅपटॉपवर दाखवली. तिने तीनदा बघितली. पहिल्यांदा म्हणाली, "एवढंच?" दुसऱ्यांदा बादली फिरवली ती जागा आली तशी हसली. तिसऱ्यांदा म्हणाली, "थांबव. तिथं खिडकी उघडी राहिलीय." मला अचूक फ्रेमवर थांबवायला चार प्रयत्न लागले. ती चष्मा पुसून बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "बंद कर आता, जेवायचंय."

बादली गॅलरीत आहे. मार्चमध्ये अकरा शेंगा धरल्या. आईने उसळीचं नाव काढलं, पण आजीने हात लावू दिला नाही. बियाणासाठी ठेवल्यात म्हणे.